सागरतळाच्या गाळातील कर्तन लहरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्तन लहर म्हणजे नेमके काय?

शाळेच्या भूगोलात भूकंपाच्या प्रकरणात ज्यांना दुय्यम किंवा ‘एस’ लहरी म्हटलेले असते, त्याच या लहरी. प्राथमिक लहर पुढे सरकताना पदार्थाला दाबते आणि सैल सोडते. कर्तन लहरीत पदार्थाचे कण लहरीच्या दिशेशी काटकोनात हलतात, त्यामुळे पदार्थाचे घनफळ तेवढेच राहते, फक्त आकार क्षणभर तिरका होतो. ही लहर डोळ्यांनी पाहायची असेल तर खरवसाची मोठी वडी ताटलीत ठेवावी आणि ताटलीला बोटाने आडवी टिचकी मारावी. बुडाला बसलेला धक्का थरथरत वरपर्यंत पोहोचतो, तो जवळजवळ सगळा कर्तनाचा प्रवास असतो. याच खरवसातून आवाज मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो, आणि तो आपल्याला दिसत नाही. सागरतळाचा मऊ गाळ वागण्याच्या बाबतीत या वडीच्या बराच जवळ आहे. या क्षेत्रातले बहुतेक लोक मराठीत बोलतानाही ‘शिअर वेव्ह’ असेच म्हणतात. येथे ‘कर्तन लहर’ हा शब्द ठेवला आहे.

पाण्यातून कर्तन लहर जात नाही, मग पाण्याने भरलेल्या गाळातून ती कशी जाते?

आकार बदलण्याला पाणी विरोध करत नाही, म्हणजे त्याचा दृढता गुणांक शून्य असतो. आणि जो पदार्थ तिरका केल्यावर परत सरळ होऊ पाहत नाही, त्यात ही लहर उभीच राहू शकत नाही. गाळात मात्र वाळूचे किंवा चिकणमातीचे कण एकमेकांना टेकलेले असतात आणि त्यांचा एक सांगाडा तयार झालेला असतो. मऊ चिखलात घनफळाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा असला, तरी कर्तन लहर वाहून नेण्याचे काम हा सांगाडाच करतो, पाणी फक्त ओझे वाढवते. कर्तन लहरीचा वेग म्हणजे दृढता गुणांकाला घनतेने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ. गाळाची घनता साधारण 1,400 ते 2,000 किलोग्रॅम प्रति घनमीटर एवढ्याच पट्ट्यात फिरते, पण दृढता शेकडो पटींनी बदलू शकते. म्हणूनच या लहरीचा वेग सांगणे म्हणजे जवळपास कणांची आपापसांतील पकड सांगणे होय. पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीकडे परत येतात.

हा वेग किती असतो?

अगदी वरच्या थरातील मऊ चिखलात सेकंदाला 10 ते 50 मीटर, तळाजवळच्या वाळूत साधारण 50 ते 150 मीटर, आणि खाली जाऊ तसा अधिक. सेकंदाला 30 मीटर म्हणजे ताशी 108 किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारी ज्या वेगाने धावतात, त्याच वेगाने भूकंपाची एक लहर चिखलातून चालली आहे, ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते. त्याच चिखलात आवाजाचा वेग 1,500 मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दोन लहरींच्या वेगांत 50 पटींचा फरक पडतो. टणक खडकात हेच गुणोत्तर दोनच्या आतबाहेर राहते. वरील चिखलाची घनता 1,500 धरली तर त्याचा दृढता गुणांक 1.35 मेगापास्कल येतो. पोलादाचा सुमारे 80 गिगापास्कल, म्हणजे जवळजवळ 60,000 पट जास्त असतो.

आवाजाचा वेग सहज मोजता येत असताना कर्तन लहरींच्या मागे का लागायचे?

कारण गाळातून जाणारा आवाज मुख्यतः पाण्याची बातमी देतो. पाणी दाबायला कठीण असल्यामुळे प्राथमिक लहरीचा भार तेच उचलते आणि सांगाडा घट्ट आहे की भुसभुशीत, याचा त्या वेगावर फार थोडा परिणाम होतो. बारीक, पाणीदार चिखलात तर आवाजाचा वेग वरच्या समुद्राच्या पाण्यातील वेगाहून एक-दोन टक्क्यांनी कमीच भरतो, कारण मातीच्या कणांनी वजन वाढवलेले असते पण त्या प्रमाणात ताठपणा वाढवलेला नसतो. दोन चिखलांतला एक माणसाचे वजन पेलणारा आणि दुसरा गुडघ्यापर्यंत गिळणारा असला, तरी आवाजाच्या वेगात ते जुळ्या भावांसारखे दिसू शकतात. कर्तन लहर त्यांना लगेच वेगळे काढते.

वायूच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. गाळात कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतून मिथेन तयार होतो आणि त्याचे बुडबुडे एक-दोन टक्के घनफळ व्यापू लागले, तरी आवाजाचा वेग कोसळून पाण्यातल्या वेगाच्या काही अंशावर येतो आणि आवाज विखरून जातो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीवर असा वायुयुक्त गाळ अनेक ठिकाणी आहे. सर्वेक्षणाच्या नोंदीत तेथे थरांच्या रेषा एकाएकी पुसल्या जातात आणि खाली नुसता करडा पडदा दिसतो. बुडबुड्याला स्वतःचा दृढता गुणांक नसतो आणि एवढ्याशा वायूने घनताही फारशी बदलत नाही, म्हणून कर्तन लहर त्यांच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष करून पुढे जाते.

खोलीबरोबर वेग का वाढतो?

वरच्या गाळाच्या वजनातून पाण्याचा उचल-दाब वजा केल्यावर जे उरते, ते कणांना एकमेकांवर दाबते आणि स्पर्शबिंदू घट्ट होतात. वर किती पाणी आहे याचा येथे संबंध नाही. तीन किलोमीटर खोल समुद्राच्या तळावरचा चिखल तेवढ्या पाण्याखाली असूनही मऊच राहतो, कारण पाण्याचा दाब कणांच्या फटींतही तेवढाच असतो.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या एडविन हॅमिल्टन यांनी 1976 मध्ये उपलब्ध मोजमापे एकत्र करून दिलेली सूत्रे आजही वापरात आहेत. वाळूसाठी खोलीचा (मीटरमध्ये) 0.28 वा घात घेऊन त्याला 128 ने गुणायचे, म्हणजे 1 मीटरवर 128 आणि 10 मीटरवर सुमारे 244 मीटर प्रति सेकंद. गाळमाती आणि चिकणमातीसाठी वरच्या 36 मीटरांत 116 अधिक खोलीच्या 4.65 पट. यातील दुसरे सूत्र ठेवणीतले म्हणून डोळे मिटून वापरू नये, असे माझे मत आहे. त्यानुसार अगदी पृष्ठावरच्या चिखलातही वेग 116 भरतो, आणि नंतर जागेवर केलेल्या मोजमापांत असा चिखल त्याच्या निम्म्यानेही वेग दाखवत नाही. पायाच्या कामात नेमके हे वरचेच काही मीटर महत्त्वाचे असतात.

खोलीखेरीज काळही काम करतो. न ढवळता पडून राहिलेल्या गाळात कणांची मांडणी स्थिरावत जाते आणि वेग हळूहळू चढतो. घट्ट विरजलेले दही चमच्याने फेटले की जसे पातळ होते, तसाच ढवळलेल्या सागरी चिकणमातीचा ताठपणा जातो. पाण्याचे प्रमाण तेच असते, मोडलेली असते ती घडी.

हा वेग मोजतात कसा?

जमिनीवरची पद्धत आधी समजून घ्यावी, कारण तिच्यात युक्ती उघडी दिसते. गाडीच्या चाकांखाली एक लाकडी फळी आडवी दाबून धरतात. टोकाशी संवेदक बसवलेला पोलादी शंकू सेकंदाला 2 सेंटिमीटर या ठरलेल्या गतीने जमिनीत दाबत नेतात आणि दर मीटरला थांबवतात. मग फळीच्या डाव्या टोकावर घणाचा घाव घालायचा, नोंद घ्यायची. नंतर उजव्या टोकावर. दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवल्या की सुरुवातीचा भाग एकसारखा दिसतो आणि एका क्षणापासून दोन रेषा आरशातल्यासारख्या उलट दिशांना फाकतात, कारण घावाची दिशा उलटली की कर्तन लहरीचे हेलकावेही उलटतात. जेथे रेषा फाकल्या, तेथे कर्तन लहर पोहोचली. वरच्या थांब्यापेक्षा खालच्या थांब्यावर ती 20 मिलिसेकंद उशिरा आली असेल, तर त्या एका मीटरातला वेग सेकंदाला 50 मीटर.

समुद्रात तळावर गाडीही नसते आणि घण मारणारा माणूसही नसतो. म्हणून पोलादी चौकट तळावर उतरवून तिच्यात यांत्रिक हातोडा बसवावा लागतो, आणि चौकट चिखलात नीट टेकली नसेल तर सगळी नोंद वाया जाते. नुसते पाण्यात आवाज करून चालत नाही, कारण पाणी कर्तन नेतच नाही आणि मऊ तळाशी आवाजाचे कर्तनात रूपांतर अत्यल्प होते.

प्रयोगशाळेत नमुन्याच्या दोन टोकांना दाबविद्युत गुणधर्माच्या पातळ चिनीमातीच्या पट्ट्या खुपसतात; एकीला वीज दिली की ती वाकते, आणि दुसरी लहर येताच वाकून वीज निर्माण करते. पद्धत सुबक आहे, अडचण नमुन्याची असते. खोलातून वर आलेली नळी कापून उघडली की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, काळपट चिखल हवेत बघता बघता फिका पडू लागतो आणि विरघळलेला वायू दाब सुटल्यामुळे बाहेर पडून चिखलाला भेगा पाडतो. असा नमुना जागेवरचा खरा वेग सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो बहुधा कमी सांगतो.

शोल्टे लहर कोणती आणि तिचा येथे काय संबंध?

पाणी आणि घन तळ यांच्या सीमेला चिकटून जाणारी ही लहर आहे. डच भूभौतिकशास्त्रज्ञ शोल्टे यांनी 1940 च्या दशकात तिचे गणित मांडले. मऊ तळावर तिचा वेग कर्तन लहरीच्या वेगाहून थोडाच कमी असतो, आणि दीर्घ तरंगलांबीच्या लहरी खोलवरचा गाळ चाचपतात तर आखूड लहरी वरचा. त्यामुळे वेगवेगळ्या वारंवारतांचा वेग मोजला की खणल्याशिवाय खोलीवार कर्तन वेग काढता येतो. तळापासून वर जाताना ती झपाट्याने मावळते, म्हणून तिला जागे करणारा स्रोत आणि टिपणारे उपकरण दोन्ही तळाजवळ हवेत.

यापेक्षाही मला आवडणारी पद्धत निवांत आहे. समुद्राच्या पृष्ठावरून जाणाऱ्या मिनिट-दोन मिनिटांच्या आवर्तनाच्या मंद लाटा खोल तळावर किंचित दाब देतात आणि तळ त्या दाबाखाली केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी दबतो. दाब आणि दबणे दोन्ही मोजले की तळाचा ताठपणा निघतो, आणि त्यावर कर्तन वेगाची छाप सर्वांत जास्त असते. स्रोत समुद्रच पुरवतो. अलीकडे तळावर आधीच पडलेल्या दूरसंचाराच्या केबलींमधील प्रकाशतंतू संवेदक म्हणून वापरूनही शोल्टे लहरी टिपल्या जात आहेत.

भूकंपात मऊ गाळ नेमके काय करतो?

खडकातून वेगाने आलेली कर्तन लहर मंद थरात शिरली की तिचा वेग घटतो आणि तीच ऊर्जा वाहण्यासाठी हेलकावा वाढतो. शिवाय थराला स्वतःचा झोका असतो: जाडीच्या चौपटीला कर्तन वेगाने भागले की त्याचे आवर्तन मिळते. 19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिको सिटीत साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाने जो विध्वंस केला, त्यामागे हेच होते. शहराचा तो भाग जुन्या सरोवराच्या चिकणमातीवर वसलेला आहे, तेथे कर्तन वेग 100 मीटरच्याही खाली जातो आणि थराचा झोका अनेक ठिकाणी दोन सेकंदांच्या आसपास पडतो. त्याच आवर्तनाच्या जवळ डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती सर्वाधिक कोसळल्या. तो गाळ सरोवराचा होता, समुद्राचा नव्हे, पण नियम तोच आहे. मुंबईच्या खाड्यांत वर सागरी चिकणमाती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा क्रम सर्रास आढळतो. समजा चिखल 12 मीटर जाड आणि वेग 80 मीटर प्रति सेकंद असेल, तर झोका 0.6 सेकंदाचा येतो, आणि तो पाच-सहा मजली इमारतीच्या झोक्याशी जुळतो.

तळावर ठेवलेल्या भूकंपमापकांच्या नोंदी या गाळामुळे चुकतात का?

उपकरण चुकत नाही, वाचणारा चुकू शकतो. तीनशे मीटर गाळात सरासरी वेग 200 असेल तर कर्तन लहरीला तेवढे पार करायला दीड सेकंद लागतो, जेथे खडकात तिला एक दशांश सेकंद पुरला असता. दुय्यम आणि प्राथमिक लहरी पोहोचण्यातील वेळेच्या फरकाच्या दर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरले, तर गाळाचा हिशेब न केल्याने भूकंपाचे स्थान दहा-अकरा किलोमीटरने सरकते. गाळाच्या बुडाशी प्राथमिक लहरीतून नव्याने जन्मलेली कर्तन लहर आडवी हालचाल टिपणाऱ्या नोंदींवर जोरात उमटते, आणि नवखा वाचक तिलाच भूकंपाची मूळ दुय्यम लहर समजतो.

वर पाणी असल्याने तळाची हालचाल कमी होते का?

आडवी हालचाल नाही, कारण पाणी तिला धरूच शकत नाही. उभ्या हालचालीवर पाण्याच्या स्तंभाचा परिणाम होतो.

द्रवीकरणाचा धोका या वेगावरून कळतो का?

बऱ्याच अंशी. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना ओल्या वाळूत एका जागी उभे राहून पाय सतत हलवला, की वाळू पातळ होऊन पाऊल आत जाते. भूकंपात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. हादऱ्यांनी सैल वाळू आवळू पाहते, फटींतले पाणी वेळेत बाहेर पडू शकत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कणांची पकड सुटते. दाबाची दुरुस्ती करून काढलेला कर्तन वेग 200 ते 215 मीटर प्रति सेकंदाच्या वर असेल तर वाळू सहसा द्रवत नाही, असा आंड्रस आणि स्टोको यांनी 2000 मध्ये मांडलेला निकष प्रचलित आहे. मात्र तो जमिनीवरील घटनांच्या नोंदींतून आलेला आहे, हे समुद्रात वापरताना लक्षात ठेवावे.

तळावरची भूस्खलने आणि केबली यांच्याशी याचा काय संबंध?

18 नोव्हेंबर 1929 रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस ग्रँड बँक्सजवळ 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि अटलांटिकपार जाणाऱ्या तारांच्या केबली एकापाठोपाठ एक तुटत गेल्या. जवळच्या लगेच तुटल्या, पण उताराच्या खालच्या बाजूच्या तासांनंतर. पुढे 1952 मध्ये हीझन आणि यूइंग यांनी याच वेळापत्रकावरून दाखवले की तुटण्याचे कारण घसरलेल्या गाळाचा वेगवान लोंढा होता. घसरणीने उठलेल्या त्सुनामीने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर दोन डझनांहून अधिक माणसे घेतली. भूकंपच लागतो असेही नाही: 1969 च्या कॅमिल चक्रीवादळात मिसिसिपीच्या मुखाशी लाटांच्या दाबानेच मऊ गाळ घसरला आणि तेलफलाट उन्मळले, आणि 2004 मध्ये इव्हान वादळात त्याच परिसरात पुन्हा एक फलाट आडवा झाला. अशा उतारांवर कोणता थर किती मऊ आहे आणि हादऱ्यांत तो किती डोलेल, याचा हिशेब कर्तन वेगापासूनच सुरू होतो.

समुद्रातील पवनचक्क्यांना एवढी काटेकोर माहिती का लागते?

पवनचक्की हा उंच खांब आहे आणि त्याचा झोका पायाच्या गाळाच्या ताठपणावर अवलंबून असतो. पाते मिनिटाला 10 फेऱ्या घेत असेल तर 0.17 हर्ट्झचा एक धक्का आणि तीन पाती खांबासमोरून जाण्याचा 0.5 हर्ट्झचा दुसरा. खांबाची नैसर्गिक वारंवारता या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात बसवावी लागते. गाळ समजलो त्यापेक्षा मऊ निघाला तर ती खाली सरकते, ताठ निघाला तर वर, आणि दोन्ही बाजूंना अनुनाद, म्हणजे ताल जुळल्याने हेलकावे वाढत जाणे, टपून बसलेला असतो. भारतात गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत अशा प्रकल्पांची तयारी चालू आहे.

तेल आणि वायूच्या शोधात याचा उपयोग होतो का?

होतो, आणि कारण पुन्हा तेच: वायू आवाजाला अडवतो, कर्तनाला नाही. उत्तर समुद्रातील टॉमेलिटेन क्षेत्रात वर झिरपलेल्या वायूमुळे खालची रचना धूसर दिसत असे. 1990 च्या दशकात तळावर ठेवलेल्या संवेदकांनी खोलात प्राथमिक लहरीतून परावर्तनाच्या वेळी निर्माण झालेल्या कर्तन लहरी टिपल्या आणि चित्र उमटले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 2006 च्या मोहिमेत गाळाच्या भेगांत भरलेले बर्फासारखे वायू-हायड्रेट सापडले. ते गाळाला ताठ करते, पण भेगा उभ्या असल्याने कर्तन वेग दिशेनुसार बदलतो, आणि हे न ओळखता हिशेब केला तर साठा फुगवून सांगितला जातो.

वेग जास्त म्हणजे पाया भक्कम, असे समजावे का?

नाही, आणि येथेच सर्वाधिक फसगत होते. कर्तन लहर गाळाला लाखात एक एवढेही तिरके करत नाही. तिने सांगितलेला ताठपणा हा अगदी हळुवार स्पर्शाचा ताठपणा असतो. ताण वाढला की तो झपाट्याने घसरतो. शंखशिंपले आणि सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांपासून बनलेली चुनेयुक्त वाळू, जी मुंबई हायच्या परिसरातही आहे, हे याचे उत्तम उदाहरण. तिचे कण एकमेकांना हलकेच जोडले गेले असतील तर वेग चांगला भरतो, पण पाइल, म्हणजे पायाचे लांब खांब, ठोकताना हेच पोकळ कण चिरडतात आणि पाइलच्या कडेला घर्षण उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याबाहेरील नॉर्थ रँकिन फलाटाच्या पाइल 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा गाळात अपेक्षेहून कितीतरी सहज खाली गेल्या आणि पाया नंतर खर्च करून सुधारावा लागला.

सर्वेक्षण अहवालात कर्तन वेगाचा आकडा दिसला तर आधी काय पाहावे?

तो जागेवर मोजलेला आहे, नमुन्यावर मोजलेला आहे, की शंकू दाबताना गाळाने केलेल्या रोधावरून सूत्राने काढलेला आहे, हे पाहावे. तिसऱ्या प्रकाराला मोजमाप म्हणू नये. त्यानंतर वरच्या दोन मीटरांचे आकडे शोधावेत, कारण चौकटीच्या वजनाने दबलेला गाळ तेथे खोटा ताठपणा दाखवतो आणि अनेक तक्त्यांत ही ओळ रिकामी सोडलेली असते. शेवटी मूळ नोंदी मागवाव्यात आणि डाव्या-उजव्या घावांच्या दोन रेषा खरोखर कोठे फाकतात, ते स्वतः पट्टी लावून बघावे.